बँड आठवतो, खोली आठवत नाही

पन्नाशी-साठीतले मुंबईकर एकत्र बसले की गप्पा हमखास एका वळणावर येतात. आमच्या वेळचा बेंजो ऐकायला हवा होता, असं कोणीतरी म्हणतो आणि मग प्रत्येकाला काही ना काही आठवायला लागतं. कोणाला काळाचौकीची बेंजो पार्टी आठवते, कोणाला शिवाजी मंदिरला पाहिलेला ऑर्केस्ट्रा, कोणाला लग्नाच्या वरातीत पुढे चालणारा लाल कोटातला क्लॅरोनेटवाला. गिरगावातला असेल तर तो धोबीतलावच्या गोवेकर ट्रंपेटवाल्यांचं नाव काढतो. कॉलेज जरा 'वरच्या' वस्तीतलं असेल तर रंगभवनच्या रॉक कॉन्सर्टचा विषय निघतो. शेवट मात्र सगळ्यांचा सारखाच: आताच्या पोरांना डीजे सोडून काही कळत नाही, आवड बदलली, गेले ते दिवस.

आवड बदलली हे निम्मंच खरं आहे. मुंबईतले बँड, पार्ट्या, कलापथकं, भजनी मंडळं आटली त्याचं मोठं कारण लोकांचे कान नाहीत. ही मंडळी जिथे बसून वाजवायला शिकायची, तालीम करायची, वाद्यं ठेवायची, त्या जागा एकेक करून गेल्या. त्या आभाळातून वीज पडून गेल्या नाहीत. आराखडे मंजूर झाले, सह्या झाल्या, सभेत हात वर झाले. हात वर करणाऱ्यांत आज आठवणींनी गहिवरणारे आपणही होतो. म्हणून माझी साधी मागणी आहे. आठवण काढायचीच असेल तर गाण्याबरोबर खोलीचीही काढा.

मुंबईच्या जुन्या संगीताचे दोन मोठे प्रवाह, गोव्याचा आणि कोकण-घाटाचा, वरवर पाहता एकमेकांना ओळखतही नव्हते. एक ख्रिस्ती, सुटाबुटातला, कागदावरचं नोटेशन वाचणारा. दुसरा धोतर-लेंग्यातला, कानाने शिकणारा, विठ्ठल आणि गणपतीचा. पण दोघांचा जन्म एकाच प्रकारच्या खोलीत झाला.

धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत गोव्यातल्या गावोगावचे कुड्ड आहेत. कुड्ड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून मुंबईत ठेवलेली खोली. त्याला क्लब असंही म्हणतात. जहाजावर जाणारा खलाशी, हॉटेलातला कुक, बँडमध्ये वाजवणारा, गावचा कोणीही नाममात्र पैशांत तिथे पथारी टाकू शकायचा. भिंतीला लागून ट्रंका, एका बाजूला वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरीची प्रार्थना. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चशाळांत मुलांना नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. ती विद्या घेऊन मुंबईत उतरलेला मुलगा पहिल्या रात्री कुड्डात झोपायचा आणि पहिलं काम बऱ्याचदा शेजारच्या ट्रंकवाल्याच्या ओळखीने मिळवायचा.

लालबाग-परळच्या चाळींत याचंच मराठी भावंड होतं. गावकीची खोली. रत्नागिरीतल्या किंवा साताऱ्याकडच्या एखाद्या गावाने घेतलेली, बायकापोरं गावाला ठेवून आलेल्या गिरणी कामगारांची. दिवसपाळीवाला उठून गेला की रात्रपाळीवाला त्याच चटईवर आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. खुंटीला मृदंग टांगलेला, फडक्यात गुंडाळलेल्या झांजा फळीवर. सुट्टीच्या आदल्या रात्री भजन, गणपतीच्या आधी जाखडी या कोकणी नाचाची तालीम, शिमग्याच्या आधी नमन या कोकणी लोकनाट्याची. डबलबारीचे, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याचे, बुवा तयार झाले ते अशाच खोल्यांत. समोरच्या बुवाने गजरात काय टाकलं, त्याला आपण गवळणीत काय उत्तर द्यायचं, याची खलबतं रात्री उशिरापर्यंत चालायची.

या खोल्यांत रम्य असं काही नव्हतं. ढेकूण होते, घामाचा वास होता, आजारी माणसाला पाय पसरायला जागा नव्हती. पण दोन गोष्टी होत्या ज्या आज तुम्हाला लाखो रुपये मोजूनही मिळत नाहीत. भाड्याचा भार कोणा एकाच्या खिशावर नव्हता. आणि आवाज होतो म्हणून तक्रार करू शकणारा माणूस त्याच खोलीत बसून झांज वाजवत होता.

बेंजोचं उदाहरण घेऊ, कारण मुंबईचं स्वतःचं म्हणावं असं हे एक वाद्य आहे आणि त्याच्याबद्दल शहाणी माणसं नाक मुरडतात. मूळ जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये ताइशोगोतो नावाचं वाद्य बनवलं. ते आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं आणि मुंबईच्या गल्ल्यांत बेंजो. लाकडी पेटी, तिच्यावर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबलं की खालची पट्टी तारेवर टेकते, उजव्या हाताने तार छेडायची. घरात बसून वाजवायचं वाद्य हे, आवाज एवढासा. आमच्या पोरांनी तारांखाली पिकअप बसवला, वायर अँप्लिफायरला जोडली आणि पेटी टेम्पोवर चढवली. बटणावर सूर तुटक येतो, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, जवळपास अशक्य. ती कसर हाताच्या वेगाने आणि तारेच्या झंकाराने भरून काढायची. मागे ढोल, ताशा, ढोलकी, कोंगो, पुढे पुढे ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड. बेंजोवाल्याची खरी परीक्षा मुखड्यात नसायची. मुखडा कोणीही वाजवेल. दोन कडव्यांच्या मधले म्युझिक पीस, जे स्टुडिओत चाळीस-पन्नास वादकांनी वाजवलेले असायचे, ते दोन हातांनी आणि एका पेटीवर जसेच्या तसे काढणं, ही ती परीक्षा.

आणि तो पीस बसायचा कुठे? आमच्या चाळीत तळमजल्यावर मंडळाची खोली होती. कॅरम बोर्ड, वर्तमानपत्रं, रक्तदान शिबिराचे गुंडाळून ठेवलेले बॅनर आणि आषाढ लागला की बेंजोची प्रॅक्टिस. एकाच पीसवर तासन्‌तास. संध्याकाळी अभ्यासाला बसलेल्या चौथीतल्या पोरालाही तो पाठ व्हायचा. वाजवणारा एका ठरावीक जागी अडखळायचाच आणि मग वरच्या मजल्यावरून कोणीतरी बाई भांडी घासता घासता ओरडायची, 'अरे, तिकडे वर जातो तो!' पोरं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. संगीताचं शिक्षण म्हणून मला हे कुठल्याही क्लासपेक्षा कमी वाटत नाही. फी नव्हती, गुरू नव्हता, पण आख्खी चाळ कान लावून होती. आज त्या तळमजल्याच्या जागी पार्किंग आहे.

मैदानांचंही तेच. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं, तेव्हा त्यांना थिएटर कोण देणार होतं? परळचं नरे पार्क, कामगार मैदान, वरळीला बीडीडी चाळींलगतचं जांबोरी मैदान, ही त्यांची सभागृहं. डफ, ढोलकी, तुणतुणं आणि माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा गळा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची गाणी या शहराच्या तोंडी बसली ती मैदानांत. शाहीर साबळे यांनी गायलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' 2023 मध्ये राज्यगीत झालं. छानच झालं. सरकारी कार्यक्रमांत सगळे उठून उभे राहतात. पण आज एखाद्या वस्तीतल्या तरुण शाहिराला चार साथीदार घेऊन आठवड्यातून दोन संध्याकाळ कुठे बसता येईल, असं विचारलं तर उभे राहिलेले सगळे एकमेकांकडे बघतील.

पूर्वी सरकारला हे कळत होतं, याचा पुरावाही आहे. 1953 च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्यातून कामगार कल्याण मंडळ उभं राहिलं. कामगाराच्या पगारातून थोडे, मालकाकडून थोडे आणि सरकारकडून थोडे असे पैसे गोळा करून वस्त्यावस्त्यांत कल्याण केंद्रं काढायची, तिथे वाचनालय, शिवणवर्ग, भजन स्पर्धा, नाट्य स्पर्धा. म्हणजे आठ तास साच्यावर उभा राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी पखवाजावर हात ठेवायला छप्पर लागतं, हे कायद्यात लिहिलं गेलं होतं. मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. पगार थांबला तसा गावकीच्या खोलीचा हिस्साही थांबला. खोल्या विकल्या गेल्या, मृदंग गावाला गेले. गिरण्यांच्या जमिनींचा एक तृतीयांश भाग मोकळा ठेवायचा, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांना द्यायचा, अशी 1991 ची नियमावली होती. 2001 मध्ये तिच्यात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणी पाडून जी जमीन मोकळी होईल ती हिशेबातून बाहेर. लालबागमध्ये तमाशाचं हनुमान थिएटर होतं. तिथेही कालांतराने लग्नं लागायला लागली.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. सगळंच काही जागेवर ढकलता येत नाही. धोबीतलावच्या वादकांची गोष्ट वेगळी आहे. ताजसारख्या हॉटेलांत चिक चॉकलेट यांच्यासारखे ट्रंपेटवाले बँड चालवत होते. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर नाचगाण्याच्या त्या रात्रींची रया गेली आणि बरेच वादक सिनेमाच्या स्टुडिओकडे वळले. पुणतांब्याहून आलेल्या सी. रामचंद्रांनी चिक चॉकलेट यांना हाताशी धरलं आणि त्यांचा तो बँडचा ठेका भगवानदादांच्या पावलांतून गिरणगावात उतरला. विसर्जनाला आजही अर्धी मुंबई नाचते ती भगवानदादांसारखीच. सबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यमेळ बांधला. अँथनी गोन्साल्विस यांनी तर 1958 मध्ये भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारा ऑर्केस्ट्रा उभा करून सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात कार्यक्रम केला. तो फार काळ टिकला नाही. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'त गुरूचं नाव गाण्यात घातलं. ते गाणं गुणगुणणाऱ्या बहुतेकांना आजही वाटतं की ते फक्त अमिताभच्या पात्राचं नाव आहे. पुढे सिंथेसायझर आला, एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करायची सोय झाली आणि साठ-सत्तर वादकांना एका हॉलमध्ये बसवायचं कारणच उरलं नाही. हा यंत्राचा घाला होता, त्याला बिल्डर जबाबदार नाही.

पण बहुतेक ठिकाणी यंत्राचं किंवा आवडीचं नाव पुढे करून आपण जागेचा प्रश्न टाळतो. रंगभवन हे त्याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण. सरकारी मालकीचं, उघड्या आकाशाखालचं थिएटर, धोबीतलावच्या ऐन मध्यात, दोन्ही बाजूंच्या रेल्वेला जवळ. 1978 मध्ये तिथे जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, जगभरातले वादक येऊन गेले. 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव भरायला लागला. काळे टी-शर्ट घालून डोंबिवलीहून, दादरहून, वसईहून पोरं यायची. त्यांत मराठी पोरं किती होती हे तिथे गेलेल्यांनाच माहीत. रॉक म्हणजे बांद्र्याच्या साहेबांची चैन, हा समज आपल्याकडे उगीचच आहे. तिकीट परवडायचं, शेवटची लोकल मिळायची. गर्दी आटली म्हणून रंगभवन बंद पडलं का? नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरले. रंगभवनला एका बाजूला झेवियर्स, जवळच कामा आणि जी. टी. रुग्णालय. कार्यक्रम थांबले.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. कामा रुग्णालयात बाळंतीण झोपलेली असताना बाहेर ड्रमचा दणदणाट असावा असं कोण म्हणेल? निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादाही रास्तच आहे. माझी तक्रार पुढची आहे. जागा बंद केली, तर तिच्या बदल्यात दुसरी दिली का? एखादा रस्ता बंद केला तर वाहतूक पोलीस पर्यायी मार्गाची पाटी लावतात. रंगभवन बंद झाल्यावर त्या आकाराचं, त्या भाड्याचं, स्टेशनपासून चालत जाण्याजोगं दुसरं उघडं थिएटर कुठे झालं? मोठ्या कंपन्यांचे मोठे महोत्सव भरतात आता, रेसकोर्सवर किंवा बीकेसीत. तिकिटाची किंमत बघून डोंबिवलीचा पोरगा घरीच यूट्यूब लावतो. वर वर्षातले पंधरा दिवस रात्री बारापर्यंत लाउडस्पीकरची सूट द्यायचा अधिकार राज्य सरकारला आहे. ती सूट कोण वापरतं? ज्याच्याकडे स्पीकरची भिंत भाड्याने आणायचे पैसे आहेत तो. वर्षाचे उरलेले साडेतीनशे दिवस शिकणाऱ्याला दार बंद आणि पंधरा दिवस पैसेवाल्याला रान मोकळं, अशी आपल्या शहराची संगीतनीती आहे. मग डीजे आला म्हणून रडायचं कशाला? डीजेला तालमीची खोली लागत नाही. तो तयार होऊन येतो आणि दोन तासांत सामान आवरून जातो. आपण शहर बांधलं तेच त्याच्या मापाने.

जागेप्रमाणे संगीत आकार घेतं, याचा आणखी एक दाखला अगदी अलीकडचा आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईच्या गल्ल्यांतून खरोखर नवं असं काय निघालं? रॅप. कुर्ल्याच्या नेझीने 2014 मध्ये 'आफत' हे गाणं आयपॅडवर बनवलं, व्हिडिओही त्याच्यावरच. धारावीतली पोरं तोंडानेच ताल धरतात आणि एकमेकांच्या पुढ्यात उभी राहून शब्द फेकतात. मला ते आवडतं. त्यात मला शाहिरीचा नातू दिसतो. पण हे संगीत नेमकं कशामुळे फोफावलं ते बघा. त्याला ढोलकी ठेवायला कोपरा लागत नाही, सहा जणांना एकत्र बसायला खोली लागत नाही. एक तोंड, एक फोन. ज्या शहरात सहा माणसांना वाद्यांसकट बसायला जागा नाही, तिथे एकट्याने करायचं संगीतच वाढणार. कौतुक जरूर करू, पण त्याला निवड म्हणू नये. त्या पोरांतल्या एखाद्याला सहा जणांचा बँड करायचा असता तर?

आता आठवणींच्या खोटेपणाबद्दल थोडं बोलणं भाग आहे, नाहीतर मीही त्याच गहिवराच्या टोळीत जाऊन बसेन. जुने दिवस वाजवणाऱ्यांसाठी सोन्याचे नव्हते. सुपारी घेताना ठरलेले पैसे वरात संपल्यावर पूर्ण हातात पडतीलच याची खात्री नसायची. लग्नात बँडवाल्यांचं जेवण शेवटच्या पंगतीला, तेही उरलं तर. सनई, हलगी, डफ वाजवणारे हात कोणत्या जातींचे होते ते आपल्याला माहीत आहे, आणि त्यांच्या वादनावर नाचलेल्या किती घरांनी त्यांना ओसरीच्या आत घेतलं तेही माहीत आहे. ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या बाईला टाळ्या मिळायच्या आणि रात्री दोनला ती घरी परतली की शेजारच्या खिडक्या उघडायच्या. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणाऱ्या शेकडो वादकांची नावं कुठल्याच तबकडीवर छापली गेली नाहीत. म्हणून जुनं ते सोनं हा माझा मुद्दा नाही. इतक्या अपमानात आणि इतक्या थोड्या पैशांतही माणसं वाजवत राहिली, कारण निदान संध्याकाळी जाऊन बसायला एक जागा होती. आज वादकाला मान थोडा बरा मिळतो, पैसेही बरे मिळतात. बसायला मात्र तासावर भाडं घेणारे स्टुडिओ आहेत, आणि पाच पोरांनी खिशातले पैसे जमवून आठवड्याचे दोन तास घ्यायचे, त्यातली पंधरा मिनिटं वायरी जोडण्यात घालवायची.

आणि आता पुनर्विकास. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीतून माणसं 500 चौरस फुटांच्या घरात चालली आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. याचा ज्याला आनंद होत नाही त्याने सामायिक संडासाच्या रांगेत पाण्याचं टमरेल घेऊन एकदा उभं राहून बघावं. चाळीच्या गॅलरीचे गोडवे गाणारे बहुतेक लोक गॅलरीतून केव्हाच बाहेर पडलेले असतात. प्रश्न घर मोठं होण्याचा नाहीच. घर मोठं होताना घराबाहेरचं जे सगळ्यांचं होतं, ते कागदावर कुठेच येत नाही, हा प्रश्न आहे.

नकाशे पाहा. सोसायटीचं ऑफिस चटईक्षेत्रात मोजत नाहीत. व्यायामशाळेला तशीच सूट आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात बालवाडी आणि कल्याण केंद्र द्यावं लागतं. म्हणजे एखादी सामायिक खोली गरजेची आहे असं नियम करणाऱ्याला वाटलं, की सूट निघते. आमच्याकडच्या एका पुनर्विकासाच्या सादरीकरणात पडद्यावर मेडिटेशन डेक होता, मिनी थिएटर होतं, बँक्वेट होता. भजनी मंडळातल्या एका आजोबांनी विचारलं, 'गुरुवारचं भजन कुठे करायचं?' उत्तर मिळालं, टेरेसवर करा. टेरेसवर पखवाज वाजला तर वरच्या मजल्याचा माणूस पहिल्याच आठवड्यात तक्रार करणार, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मिनी थिएटरात आरामखुर्च्या होत्या. ऐकायची सोय आहे, वाजवायची नाही.

मला हवी आहे ती खोली अगदी साधी. तीन-चारशे चौरस फूट, पोडियममध्ये किंवा तळघराच्या बाजूला, भिंतींना आवाज शोषणारं अस्तर, दुहेरी दार, दोन पंखे, वाद्यं ठेवायला कुलपाचं कपाट. मोठ्या पुनर्विकासात तिला व्यायामशाळेसारखीच सूट द्या. ढोलताशा पथक तिथे मावणार नाही, त्याला मैदानच लागेल. पण बायकांचं भजनी मंडळ मावेल, बेंजोची पार्टी मावेल, शक्ती-तुऱ्याच्या, म्हणजे जाखडीतल्या सवाल-जवाबाच्या, मंडळाला तालीम करता येईल, कॉलेजच्या पोरांचा बँडही बसेल. पुनर्विकासाची वाट न पाहता करता येण्यासारखंही आहे. महापालिकेच्या शाळांत संगीताचे शिक्षक आहेत, पेट्या-तबले आहेत आणि संध्याकाळी त्यांच्या खोल्यांना कुलपं असतात. कामगार कल्याण केंद्रांच्या इमारती उभ्या आहेत. परळचं दामोदर नाट्यगृह, जे गिरणगावाच्या शक्ती-तुऱ्याचं आणि कामगार नाटकांचं हक्काचं स्टेज होतं, ते 2023 मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. ते नव्याने उभं राहील तेव्हा लोककलेच्या मंडळांना वर्षातल्या किती तारखा आणि कोणत्या भाड्यात मिळणार, हे आताच लिहून घेतलं पाहिजे. उद्घाटनाच्या दिवशी विचारून काही उपयोग नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. सगळ्यात खरा आक्षेप हा की अशा खोल्या हळूहळू कोणाच्या तरी घशात जातात. मंडळाची खोली पक्षाचं कार्यालय होते, समाजमंदिरात बारशी आणि साखरपुडे सुरू होतात, चावी एका माणसाच्या खिशात जाते. हे झालेलं आपण पाहिलं आहे. त्यावर उपाय फार विद्वत्तेचा नाही. तासाची वही ठेवायची, ती भिंतीवर टांगायची. चावी वॉचमनकडे. दर तासाला अगदी थोडी फी, ज्यातून वीज आणि झाडलोट निघेल. लग्नकार्याला खोली देता येणार नाही, हे करारातच. बाहेरच्या माणसाला प्रवेश द्यायचा, कारण भजनी मंडळातले सहा जण एकाच इमारतीत राहत नाहीत आणि बँडचे पाच जण तर पाच स्टेशनांवरून येतात. सोसायट्या नेमक्या या कलमावर अडतील. तिथे महापालिकेने ती खोली वॉर्डाच्या यादीत घ्यावी, म्हणजे दार कोणाला उघडायचं हे सेक्रेटरींच्या मर्जीवर राहणार नाही.

आठवणी काढणाऱ्यांनाही यात काम आहे, आणि ते त्यांच्याशिवाय कोणी करू शकणार नाही. पुढच्या वेळी एखाद्या पार्टीची, ऑर्केस्ट्राची, कलापथकाची आठवण निघाली की गाण्याच्या नावावर थांबू नका. वाजवणाऱ्यांची नावं विचारा. बेंजोवर कोण होता, ताशावर कोण, मागे नाल कोण धरायचा. मग तालीम कुठे व्हायची ते विचारा. कोणत्या चाळीत, कितव्या मजल्यावर, खोली कोणाच्या नावावर होती, भाडं कोण भरायचं आणि आज तिथे काय आहे. दहा-वीस पार्ट्यांची अशी यादी झाली की आपल्या हातात वॉर्ड ऑफिसात ठेवण्याजोगा कागद येतो. नगरसेवकाला गहिवरून भागत नाही, त्याला पत्ता लागतो.

ज्यांच्या इमारतीचा पुनर्विकास आता होऊ घातला आहे त्यांना तर आयतीच संधी आहे. विकासकाशी करार होण्याआधीच हे मागता येतं, नंतर नाही. विषयपत्रिका निघायच्या आधी सेक्रेटरींना चार ओळींचं पत्र द्यायचं, की सामायिक तालमीच्या खोलीचा विषय सभेत घ्यावा. सभेत कोणीतरी उठून म्हणेलच की त्या जागेत दोन गाड्यांचं पार्किंग निघेल. निघेल, खरं आहे. तेव्हा वाद घालत बसू नये, मतदान मागावं आणि कोणी कोणत्या बाजूने हात वर केला हे इतिवृत्तात नोंदवून घ्यावं.